चौसष्ट फॉर्म, सगळे समाधानी

१० ऑगस्ट २००९, सोमवार

ही डायरी औषध कंपनीच्या माणसाने जानेवारीत डॉक्टरांसाठी आणली होती. डॉक्टरांना नको असलेल्या डायऱ्या आस्थापना शाखेत येतात, तशी ही मोतीराम शेवाळे, मुख्य लिपिक, यांच्या म्हणजे माझ्या वाट्याला आली. सात महिने कोरीच पडून होती. रोज लिहिणार काय? अकरा रजेचे अर्ज निकाली काढले, हे? पण आज लिहायलाच बसलो.

पुण्याहून स्वाइन फ्लूच्या बातम्या यायला लागल्यापासून आमच्या रुग्णालयात नुसती पळापळ आहे. गंगापूर रोडच्या मेडिकलांतले मास्क संपले. लोक रुमाल, ओढण्या, असेल ते तोंडाला बांधून केसपेपरच्या रांगेत उभे राहतात आणि मागचा खोकला की पुढे सरकतात. डोळ्यांचा वॉर्ड रिकामा करून तिथे फ्लूचा वॉर्ड केलाय. अशात दुपारी अहिरे साहेबांनी, म्हणजे आमच्या प्रशासकीय अधिकाऱ्यांनी, केबिनमध्ये बोलावलं. वरच्या कार्यालयाचं तातडीचं पत्र होतं. मला वाटलं, औषधांचं असेल. तर नाही. साथीच्या काळात राबणारे कर्मचारी आपल्या कामात समाधानी आहेत की नाहीत, याची पाहणी करायची आहे. वीस प्रश्नांचा फॉर्म, चौसष्ट कर्मचारी, मुदत एकवीस तारखेची.

"शेवाळे, तुमच्याशिवाय हे कोणाला जमणार नाही," साहेब म्हणाले.

खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. आणि खरंच आहे ते. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत माझा एकही कागद 'अपूर्ण' असा शेरा मारून परत आलेला नाही. त्यात जादू काही नाही. कुठलाही रकाना कोरा सोडायचा नाही, एवढंच. सांगण्यासारखं काही नसेल तिथे 'निरंक' लिहायचं. कोरा रकाना दिसला की वरचा माणूस पेन उघडतो, आणि एकदा उघडलेलं पेन तो शेरा मारल्याशिवाय बंद करत नाही.

११ ऑगस्ट, मंगळवार

फॉर्म झेरॉक्स करून आणले. भाषा फार वरच्या दर्जाची आहे. प्रश्न तीन : 'कर्तव्यपूर्तीतून आपणांस आत्मिक परितोषाचा अनुभव येतो काय?' खाली पाच चौकटी, अत्यंत समाधानीपासून अत्यंत असमाधानीपर्यंत. मी दोनदा वाचला. असं मराठी हल्ली लिहितं कोण?

वॉर्डात जाणं भागच होतं. स्टोअरला चांगले मास्क आले तेव्हा आस्थापना शाखेला वीस मिळाले आणि फ्लूच्या वॉर्डाला आठ, कारण स्टोअर आमच्या शेजारी आहे. त्यातला एक चढवला, त्यावर रुमाल बांधला, रुमालात कापराची पुडी, आणि वॉर्डाच्या दाराबाहेर व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलो. आत सगळ्यांच्या तोंडाला घडी घालून शिवलेली गॉझ होती. नर्सेसनी स्वतःच शिवलीय म्हणे. कौतुक वाटलं. प्रश्न सात, 'उपलब्ध साधनसामग्रीबाबत आपले मत', याचं उत्तर मला तिथेच मिळालं.

पहिली आली फुलाबाई. आया आहे, पेठ तालुक्यातली. लिहितावाचता येत नाही, म्हणून मी वाचून दाखवलं.

"आत्मिक परितोष येतो का?"

"कोन येतो?"

"अगं, काम करून बरं वाटतं का?"

"बरं वाटायला घडीभर टेकाया तर पायजे, भाऊसाहेब. सकाळपून चौदा बेडपॅन झाले. काय इचारायचं ते बिगीनं इचारा."

"या पाचातलं एक सांग."

"मधलं टाका."

मधलं म्हणजे तटस्थ. साथ चालू असताना आयाने तटस्थ राहणं काही बरं दिसत नाही, म्हणून मी 'समाधानी'वर खूण केली. तिने हातमोजा काढून अंगठा उठवला आणि शाई पदराला पुसत आत गेली. मी फॉर्म अर्धा तास उन्हात ठेवला.

१३ ऑगस्ट, गुरुवार

फ्लूच्या वॉर्डाची इनचार्ज सिस्टर म्हणजे आमच्या सौ. मंदा. वॉर्डात तिला शेवाळे सिस्टर म्हणतात. कधीकधी मलाच 'शेवाळे सिस्टरचे मिस्टर' म्हणतात, ते मी मनावर घेत नाही.

आज साडेतीनला घरी आली. मागच्या मोरीत अंघोळ, कपडे गरम पाण्यात, मग आत. अठरा दिवस झाले, तिला साप्ताहिक सुट्टी नाही. खिचडी मीच टाकली होती. खालून लागली होती, पण ती काही बोलली नाही. बायको खिचडीला नावं ठेवत नाही म्हणजे एकंदरीत मनःस्थिती चांगली आहे, असं मी समजतो.

"दहा जणींचं काम चौघी करतोय," ती म्हणाली. "पण आता निभेल. सहा पोरी येणार आहेत. डॉक्टरांचं पत्र वर गेलंय, होकार आलाय, फक्त आदेश निघायचा राहिलाय. आल्या की पहिली सुट्टी स्नेहलला. सात दिवस, सलग."

स्नेहल ही कंत्राटी नर्स आहे, घोटीची. आठ महिन्यांचं बाळ आहे तिला, स्वराज नावाचं. एरवी रोज एसटीने ये-जा करायची. वॉर्ड सुरू झाला, तेव्हापासून, म्हणजे सहा तारखेपासून, नर्सेसच्या खोलीतच राहते. सासूने निरोप पाठवला, वॉर्डात आहेस तोवर येऊ नको. आणि हिलाही भीती, आपल्या अंगावरून बाळाला काही जायला नको. सुट्टी मिळाली की दोन दिवस आमच्याकडे राहायचं, ताप-खोकला नाही बघायचं आणि मग घोटीला जायचं, असं दोघींचं ठरलंय.

मी म्हटलं, "बाळ आजीजवळ आहे ना, मग काळजी कसली? आजीसारखं कोणी सांभाळत नाही."

मंदाने माझ्याकडे बघितलं आणि पुढचा घास घेतला. लगेच मी तिचा फॉर्म काढला, म्हटलं घरचं काम आधी उरकू. चौथ्या प्रश्नाला उत्तर आलं नाही म्हणून वर बघितलं, तर हातात घास तसाच आणि बाई बसल्या जागी झोपलेली. चेहरा अगदी शांत होता. चौथ्यापासून एकोणिसाव्यापर्यंत मी 'समाधानी' केलं. नवऱ्याला इतकं तर कळतंच.

१४ ऑगस्ट, शुक्रवार

प्रश्न नऊ : 'कामाच्या वेळेत पुरेशी विश्रांती मिळते काय?' यावर सगळ्यांनी 'अत्यंत असमाधानी' केलंय. मला हा अन्याय वाटला. मी दिवसभर त्या व्हरांड्यात बसतो, मला दिसतं ना. ही स्नेहलच घ्या. पाळीत दोनदा, कधी तीनदा, ती लिननच्या खोलीत जाते, आतून कडी लावते आणि पंधरा मिनिटांनी बाहेर येते. चेहरा धुतलेला असतो. ही विश्रांती नाही तर काय आहे?

तिला समजावून सांगितलं, "मॅडम, तुम्ही प्रश्न नीट वाचला नाही. विश्रांती तुम्हाला मिळते."

ती म्हणाली, "हो का काका? बरं. तुम्हीच करा दुरुस्त."

गोड मुलगी आहे. मी दुरुस्त केलं.

१५ ऑगस्ट, शनिवार

झेंडावंदन. साहेबांनी भाषणात कर्मचाऱ्यांना 'आरोग्यसैनिक' म्हटलं. टाळ्या आम्ही कार्यालयातल्यांनीच वाजवल्या, कारण आरोग्यसैनिक कोणी आलेच नव्हते. त्यांच्या वाटणीची जिलबी शिपायाच्या हाती वॉर्डाच्या दारापर्यंत पाठवली. चांदवडच्या एका कांदा व्यापाऱ्याला काल दाखल केलंय. तो काचेतून जिलबीकडे बघत होता म्हणे.

१९ ऑगस्ट, बुधवार

चौसष्टच्या चौसष्ट फॉर्म हातात आले आणि डोकंच फिरलं. विसावा प्रश्न जवळपास सगळ्यांनी कोरा सोडलाय. एक फॉर्म सोडला तर एकजात सगळ्यांनी. 'या कामी आणखी मनुष्यबळ, साधने अथवा सवलत यांची आवश्यकता असल्यास नमूद करावे', आणि खाली एक ओळ जागा. एक ओळ लिहायला काय होतं यांना?

मंदाला विचारलं तर म्हणते, "मीच सांगितलं पोरींना, मागण्या लिहीत बसू नका म्हणून. वेळ कुठंय? आणि सहा जणी येतायतच की. तेच पुन्हा चौसष्ट वेळा कशाला लिहायचं?"

म्हणजे आणखी काही नको. मग तसं लिहावं की नाही? कोरा रकाना म्हणजे फॉर्म परत, फॉर्म परत म्हणजे मुदत गेली, आणि शेरा कोणाच्या नावावर? माझ्या. यांचं काय जातंय. दुपारचं जेवण झाल्यावर बसलो आणि त्रेसष्ट फॉर्मवर सुवाच्य अक्षरात 'निरंक' लिहिलं. प्रत्येकाच्या शाईचा रंग बघून पेन बदललं, म्हणजे कागद नजरेला खटकायला नको. एवढी बारकाई आता शाखेत कोणी करत नाही.

कोरा नव्हता असा एकच फॉर्म, स्नेहलचा. त्यावर बारीक अक्षरात दोनच शब्द होते : 'सात दिवस'. कशाचे सात दिवस? कोणाला? असं अर्धवट वर पाठवलं तर लगेच खुलासा मागतील. तिला विचारायला गेलो, पण ती स्टुलावर भिंतीला डोकं टेकून झोपली होती. उठवावंसं वाटलं नाही. पांढरी शाई फिरवली, फुंकर मारून वाळवली आणि त्यावर निरंक लिहिलं.

२१ ऑगस्ट, शुक्रवार

मुदतीत गेलं. कर्मचारी समाधान सत्त्याण्णव टक्के. साहेबांनी आकडा मोठ्याने वाचला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला.

"शंभर का नाही?" त्यांनी विचारलं.

"शंभर खरं वाटणार नाही, साहेब."

साहेबांनी चहा मागवला, तोही बाहेरच्या टपरीवरचा. कॅन्टीनचा नाही.

२३ ऑगस्ट, रविवार

गणपती बसले. मंदा ड्यूटीवर, म्हणून पूजा, नैवेद्य, आरती, सगळं मीच केलं. मोदकाला कळ्या पडेनात, शेवटी त्याचे लाडू वळले. सहा जणींचा आदेश अजून निघालेला नाही. सुट्ट्यांमुळे असेल. मंदा रोज दारातून आत येता येता विचारते, "आलं का काही?" आणि मी रोज सांगतो, सरकारी काम आहे, धीर धर.

३१ ऑगस्ट, सोमवार

आज टपालात दोन पत्रं आली. पहिलं अभिनंदनाचं. साथीच्या काळात सत्त्याण्णव टक्के समाधान राखल्याबद्दल रुग्णालयाचा गौरव आणि पाहणी 'परिपूर्ण व निर्दोष' सादर केल्याबद्दल मुख्य लिपिकाचं विशेष कौतुक. माझं नाव होतं. मोतीराममधला 'ती' सुद्धा दीर्घ, बरोबर. साहेब म्हणाले, शुक्रवारी शाल-श्रीफळ.

दुसरं पत्र साहेबांनी वाचलं नव्हतं, फायलीला लावायला माझ्याकडे टाकलं. मी वाचलं. जसंच्या तसं उतरवतो :

'आपल्या रुग्णालयातील सर्व चौसष्ट कर्मचाऱ्यांनी अतिरिक्त मनुष्यबळाची आवश्यकता निरंक असल्याचे स्वहस्ते नमूद केले असल्याने, प्रस्तावित सहा परिचारिका अन्य गरजू रुग्णालयाकडे वर्ग करण्यात येत आहेत.'

तीनदा वाचलं. ते अन्य रुग्णालय कोणतं, तेही फोन करून विचारलं. तिथल्या लोकांनी फॉर्मच्या समासात, मागच्या बाजूला, काहींनी तर वेगळी पानं जोडून शिव्यांच्या खालोखाल काय काय लिहून पाठवलं होतं. अर्धे फॉर्म अपूर्ण. अशा अडाणी कागदांना सहा नर्सेस मिळाल्या.

मंदा घरी आली, तिची अंघोळ झाली आणि मी पत्र तिच्यापुढे धरलं. मला वाटत होतं, ती वरच्या कार्यालयाला बोल लावेल. तिने वाचलं आणि विचारलं, "स्वहस्ते म्हणजे कोणाच्या हस्ते?"

मी सांगितलं. न सांगून जाणार कुठे.

"माझ्या फॉर्मवर पण तुम्हीच लिहिलंत?"

"तू झोपली होतीस."

"आणि स्नेहलच्या? तिने लिहिलं होतं. मला सांगितलं होतं तिने, सिस्टर, मी दोनच शब्द लिहिलेत म्हणून."

मी म्हटलं, ते वाक्य अपूर्ण होतं. म्हटलं, आणि तसंही तिला विश्रांती मिळते, लिननच्या खोलीत जाते ती दोन-तीनदा.

मंदा ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पत्राची घडी घातली आणि खालच्या आवाजात सांगितलं, "ती तिथे दूध काढून टाकायची हो. छाती दाटून यायची तिची. बाळ घोटीला, आणि ही बेसिनमध्ये दूध ओतून नळ सोडायची. तोंड धुऊन परत सलाइन लावायला यायची." मग म्हणाली, "आता जात नाही. चार दिवस झाले, आटलं."

मी त्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसलो होतो. घड्याळ लावून मिनिटं मोजली होती. मला माझी लाज वाटली. आयुष्यात पहिल्यांदा इतकी वाटली. इथे लिहून ठेवतो.

१ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी सकाळी पत्र तयार केलं. 'विसाव्या प्रश्नाचे उत्तर कर्मचाऱ्यांनी दिलेले नसून निम्नस्वाक्षरीकाराने स्वतःच्या मर्जीने लिहिले आहे. इतर उत्तरांतही निम्नस्वाक्षरीकाराने बदल केले आहेत. सबब सहा परिचारिका तातडीने मिळाव्यात.' निम्नस्वाक्षरीकार म्हणजे मी.

साहेबांनी वाचलं आणि उठून केबिनचं दार लावलं.

"शेवाळे, तुम्हाला ताप वगैरे आहे का?"

"नाही साहेब."

"अहो, शुक्रवारी शाल आहे तुमची. शालही आणून झालीय. आणि हे वर गेलं तर सगळी पाहणीच खोटी ठरेल. त्यावर सही माझी आहे."

"म्हणूनच या पत्रावर फक्त माझी घेतलीय."

"दोन वर्षं राहिलीत रिटायरमेंटला. कोणी तक्रार केलीय का? नाही ना? मग माणूस समाधानी आहे असंच धरायचं असतं." माणूस म्हणून वाईट नाहीत साहेब. एकोणतीस वर्षं मीही असंच धरत आलो. पण आज मला त्यांचा भयंकर राग आला. जावक रजिस्टर माझ्याच टेबलावर असतं. नंबर टाकला, शिक्का मारला आणि पत्र स्वतः पोस्टात नेऊन दिलं.

७ सप्टेंबर, सोमवार

उत्तर इतक्या लवकर यायची माझ्या उभ्या नोकरीतली ही पहिलीच वेळ. दोन मुद्दे. एक, सदर पाहणीच्या प्रपत्रात सादर केल्यानंतर दुरुस्तीची तरतूद नाही, तरी कर्मचाऱ्यांनी आपले असमाधान पुढील पाहणीत, मार्चमध्ये, नोंदवावे. दोन, चौसष्ट शासकीय फॉर्मांत फेरफार केल्याबद्दल आपणाविरुद्ध कारवाई का करण्यात येऊ नये, याचा खुलासा तीन दिवसांत करावा.

नोटिशीवर तारखेचा रकाना कोरा होता. मी पेन उघडलं नाही.

शाल शुक्रवारी परस्परच रद्द झाली होती. साहेब आता मला 'अहो शेवाळे' न म्हणता 'मुख्य लिपिक' म्हणतात. पण माझ्या डोक्यात नोटीस नाहीच. सहा जणी येणार नाहीत, हे डोक्यात आहे. मंदाला विचारलं, "स्नेहलला तशीच नाही का सोडता येणार?"

"तिघींवर वॉर्ड कसा सोडू? पेशंट बघायचे की लिहीत बसायचं?"

"लिहायचं काय असतं तुम्हाला?"

ती हसली. म्हणाली, "एकदा आत येऊन बघा."

८ सप्टेंबर, मंगळवार

आत गेलो. फुलाबाई म्हणाली, "भाऊसाहेब, खुर्ची भाईर ठेवू?" मी म्हटलं, आत ठेव. तिने मलाच वरून खाली न्याहाळलं आणि खुर्ची ठेवली.

एका पेशंटचं नाव अकरा रजिस्टरांत लिहावं लागतं. दाखल, तपासणी, गोळ्या, घशाचा नमुना, नमुन्याचा पुण्याचा प्रवास, जेवण, चादरी, नातेवाईक, दूरध्वनी, रोजचा अहवाल आणि त्या अहवालाचा अहवाल. एक नर्स पाळीतले तीन तास नुसती लिहिते. अकरातले सहा नमुने मीच ठरवलेले आहेत, दहा-बारा वर्षांपूर्वी. तेव्हा मला बढतीही मिळाली होती त्याबद्दल.

हे माझं काम आहे. हे तर मला झोपेत येतं. साहेबांकडे पंधरा दिवसांची अर्जित रजा टाकली आणि लगेच वॉर्डात जाऊन बसलो. साहेबांचा निरोप आला, रजेवरील कर्मचाऱ्यास रुग्णालयात काम करण्याची परवानगी नाही. मी चौकशीच्या खिडकीवरून नातेवाइकाचा पास काढला. रुग्णाशी नातं, या रकान्यात लिहिलं : सिस्टरचे मिस्टर.

माझ्याकडचे उरलेले मास्क नर्सेसना वाटले. कोणी आभार मानले नाहीत, ते बरोबरच आहे.

१० सप्टेंबर, गुरुवार

जमतंय. अकरा रजिस्टरं मी ओढतो, तिघी पेशंट बघतात. चांदवडचा व्यापारी बरा होऊन घरी गेला. जाताना 'हे डॉक्टर कुठले?' म्हणून माझ्याकडे बोट दाखवून विचारत होता. खुलासा पाठवून दिला, एकच ओळ : आरोप मान्य. मंदाने दुपारी स्नेहलला सुट्टी दिली, सात दिवसांची. स्नेहलने ऐकलं, मान हलवली आणि हातातलं सलाइन आधी लावून संपवलं.

आता आमच्याकडे आहे. दर चार तासांनी स्वतःच थर्मामीटर लावते. घोटीला फोन केला होता, सासूबाईंनी, आक्काबाईंनी, ये म्हणून सांगितलं. साथ उतरतेय असं ऐकून त्यांचीही भीती जरा गेलीय. मी तिच्यापुढे हात जोडायला गेलो, तर ती म्हणाली, "जाऊ द्या काका, मीच नीट लिहायला पाहिजे होतं." त्यापेक्षा तिने दोन थोबाडीत दिल्या असत्या तरी चाललं असतं.

१३ सप्टेंबर, रविवार

ताप नाही, खोकला नाही. सकाळी स्कूटरवरून तिला घोटीला घेऊन निघालो. वाटेत ती सारखी बोलत होती. स्वराजला गुडघ्यावर रांगता यायला लागलं असेल, खालचे दोन दात आले असतील, भात भरवतात का, गार्गल करून जवळ घेतलं तर चालेल ना. हायवेला एका दुकानाशी थांबून पिवळं रबरी बदक घेतलं. मला म्हणाली, "काका, अडतीस दिवस झाले. पण आईला ओळखतातच ना हो बाळं?"

मी म्हटलं, न ओळखायला काय झालं.

घराला लागून भाताचं शेत, पुढे शेणाने सारवलेलं अंगण. आक्काबाई ओट्यावर बाळाला घेऊन बसल्या होत्या. बदक बघून बाळ हसलं. स्नेहलने पर्स खाली टाकली, पदराला हात पुसले, पुन्हा एकदा पुसले आणि दोन्ही हात पुढे केले. बाळाने बदक घेतलं, तिच्याकडे टक लावून बघितलं, ओठ काढले आणि रडत आजीच्या मानेत तोंड खुपसलं. तिने पुन्हा हात लावला, तर आणखी जोरात किंचाळलं. आक्काबाई ओशाळून म्हणाल्या, "आता झोपंतून उठलाय म्हनून. लय माया हाय त्याला, दम धर जरा."

स्नेहलने हात मागे घेतले आणि माझ्याकडे वळून हसली.

"मास्कमुळे ओळखलं नाही त्याने," ती म्हणाली.

मास्क तिच्या पर्समध्ये होता. तिचा सगळा चेहरा उघडा होता.